एक हात मोकळा

वीज गेली की अक्का बोलायच्या थांबायच्या. वाक्य अर्धवट राहिलेलं असो, समोर कुणी पाहुणा बसलेला असो, दिवा गेला की तोंड बंद. धुळ्यात त्या काळी वीज जायला वेळकाळ नसायचा. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या मला शेवेची भाजी कशी करायची ते सांगत होत्या. वीज गेली आणि त्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, बाईंना चक्करबिक्कर आली. "अक्का, अक्का" करत मी चाचपडत त्यांच्या खांद्यापर्यंत पोचले. त्यांनी शांतपणे कंदील लावला, काच नीट बसवली आणि म्हणाल्या, "तर शेव अगदी शेवटी घालायची."

"मध्येच गप्प का झालात?" मी विचारलं.

"अंधारात काय बोलणार?" त्यांनाच माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

या उत्तराचा अर्थ मला पुढे कळला. अक्कांचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. वडील अमळनेरला शिंपीकाम करायचे, आई काजं-बटणं करायची. घरात ऐकू येणारं माणूस एकट्या अक्का. घरातलं सगळं बोलणं हातांनी चालायचं, त्यामुळे दिवा विझला की बोलणं संपायचं. ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली होती. आईवडील जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी सुटली नव्हती.

दुसरी सवय मला जास्त जाचायची. अक्का पहाटे उठून भांडी आपटायच्या. पातेली, झाकण्या, बादली, सगळं धाडधाड. लोखंडी कपाट फरशीवरून ओढायच्या. एकदा मी डोळे चोळत बाहेर आले आणि जरा हळू म्हणून विनवलं. त्यांनी हातातली परात खाली ठेवली, तीही आपटूनच, आणि म्हणाल्या, "आमच्या घरी आवाजाचा त्रास कोणालाच नव्हता, पोरी. तुला होतो का?" त्यानंतर दोन दिवस त्या जपून वागल्या. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा परात.

आमची शाळा म्हणजे बहिऱ्या मुलांची निवासी शाळा. अक्का तिथे शिवणकाम शिकवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, उंच बांधा, आवाज खणखणीत. साडी नेहमी गडद आणि बिनफुलांची. त्याचंही कारण होतं, फुलाफुलांच्या कापडावर हात नीट दिसत नाहीत. प्रत्येक पोलक्याला त्या स्वतःच्या हातानं एक खिसा शिवायच्या, त्यात खडू, मापाची टेप आणि चार लिमलेटच्या गोळ्या. कोणी बोलताना तोंडापुढे हात धरला की त्या सरळ तो हात खाली घ्यायच्या, मग तो शिपाई असो की शाळेला देणगी द्यायला आलेला माणूस असो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायच्या. नव्या माणसाला त्याची भीतीच वाटायची.

शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर' असं लिहिलेलं होतं. अक्का त्या पाटीखालून जाताना कधी गप्प गेल्या नाहीत. "बहिरी आहेत, खरं आहे. मुकी कोण म्हणतं? एकदा यांच्या पंगतीत येऊन बसावं म्हणावं. दोन तास बडबड चालते."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. घर जळगावजवळ असोद्याला. विशेष शिक्षणाचा कोर्स करून नुकतीच लागले होते आणि आपल्याला सगळं कळतं याची पक्की खात्री होती. आम्हाला शिकवलं होतं ते असं, की मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवायचं, हात आवरायचे. हातांची सवय लागली की मूल बोलायचा कंटाळा करतं. मुख्याध्यापक सरांचा तर नियमच होता, "तोंड उघडं, हात बंद." सर मनापासून मुलांचं भलं चिंतणारे होते, त्यांच्या नियमात दुष्टावा नव्हता. माझ्या वर्गात मुलं हाताची घडी घालून बसायची. शिवणाच्या खोलीत गेली की तेच हात पाखरांसारखे सुटायचे.

"तुझ्या वर्गात पोरं फार शहाण्यासारखी बसतात," अक्का मला एकदा म्हणाल्या.

"शिस्त लावलीय मी."

"उद्या तुझ्या तोंडाला चिकटपट्टी लावते. तूही शहाण्यासारखी बसशील."

मला राग आला. शिवण शिकवणाऱ्या बाईनं मला शिकवू नये, असं मनात आलं. ते मी बोलून दाखवलं नाही, पण अक्का चेहऱ्याकडे बघत होत्या, त्यांना ते कळलंच असणार.

त्या जूनमध्ये माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली. सात वर्षांची. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्या घरातली. तिचा काका तिला सोडून गेला, अंगठा देऊन, घाईघाईत. ती रडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं एक गोष्ट सुरू केली. डाव्या मनगटावर उजव्या हाताची कड दोनदा मारायची. मग उजवा तळहात उताणा करून समोर धरायचा आणि आमच्या तोंडाकडे बघत राहायचं. दिवसातून दहादा, वीसदा. जेवायला बसवली की हमखास. कोणी काही उत्तर देत नाही असं दिसलं की ताट सरकवून उठून जायची.

मी अर्थ लावला, मनगट दुखतंय. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाबून पाहिलं, काही नाही म्हणाले, तरी मलम दिलं. मी रोज मलम लावून पट्टी बांधायची. ती पट्टी सोडून टाकायची आणि पुन्हा मनगटावर मारून दाखवायची. मला वाटायचं, पोरगी हट्टी आहे.

अक्कांनी एक दिवस तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि बराच वेळ बघितलं. अक्का मनातून हलल्या की त्यांच्या तोंडी अमळनेरकडची अहिराणी यायची. मला म्हणाल्या, "हाई दुखणं नई शे. हाऊ सवाल शे." मग समजावलं, "दुखलं की तोंड वाकडं होतं. हिच्या भुवया बघ. ती विचारतेय काहीतरी."

"काय विचारतेय?"

"ते मला कसं कळणार? ही तिच्या घरातली खूण आहे. प्रत्येक घराची आपापली असते. अर्थ घरात राहिला आणि पोरगी इथे आली."

मी काकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. मनगटावर मारते, मग हात उताणा धरते, असं वर्णन करून लिहिलं. महिन्याभरानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड आलं. 'मुलीच्या मनगटास काही आजार नाही. घरी सर्व ठीक.' मी ते कार्ड हातात धरून मुलीसमोर ओठ मोठे करून म्हटलं, "घरी सगळे ठीक." तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं आणि पुन्हा मनगटावर हात मारला.

याच सुमाराला शाळेच्या विश्वस्तांपैकी एकांनी शाळेला व्हिडिओ कॅमेरा देण्याचं जाहीर केलं. त्यांची जिनिंगची फॅक्टरी होती, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मोकळ्या हाताचा, हसतमुख माणूस. त्यांच्या डोक्यात स्नेहसंमेलन होतं. लग्नात फोटोग्राफर खांद्यावर घेतो तसा मोठा कॅमेरा, वर झगझगीत दिवा, पाहुणे बघतच राहिले पाहिजेत. एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडचा वापरलेला त्यांनी हेरूनही ठेवला होता.

शिक्षकांच्या बैठकीत हे कळलं तेव्हा अक्का एक सदरा उसवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो नको. मी आणते निवडून."

"अक्का, तुम्हाला कॅमेऱ्यातलं काय कळतं?" कुणीतरी विचारलं.

"कॅमेऱ्यातलं नाही कळत. पोरांतलं कळतं."

सरांनी त्यांचं मन मोडायला नको म्हणून दुकानातून भाव काढून आणायची परवानगी दिली आणि सोबत मला पाठवलं. म्हणजे मी लक्ष ठेवावं, असा त्याचा अर्थ होता.

जळगावच्या एका दुकानात आम्ही रविवारी सकाळी अकराला शिरलो आणि दुपारी तीनला बाहेर पडलो. दुकानदार मारवाडी, पिढ्यान्‌पिढ्या जळगावातलाच, चांगलं मराठी बोलणारा. त्यानं काचेच्या टेबलावर चार कॅमेरे मांडले आणि सुरुवात केली, "ताई, याचा आवाज ऐका. दोन्ही बाजूंनी येतो, अगदी थेटरसारखा."

"आवाज सोडून बाकीचं सांगा," अक्का म्हणाल्या.

दुकानदार थबकला. त्याच्या पाठ केलेल्या बोलण्यातला अर्धा भाग एका वाक्यात निकामी झाला होता. मी शाळेचं सांगितलं तेव्हा तो ओशाळला आणि मग खऱ्या आस्थेनं कॅमेरे उघडून दाखवायला लागला.

खांद्यावरचा कॅमेरा अक्कांनी आधी उचलला. एका हातानं तोलून धरावा लागे, दुसऱ्यानं भिंग फिरवावं लागे. त्यांनी तो लगेच खाली ठेवला. "दोन्ही हात अडकले. आता मी मुकी झाले."

त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरांशी बोलल्याशिवाय पोरं काही करून दाखवत नाहीत. बोलायचं तर हात लागतो. म्हणून कॅमेरा एका हातात मावला पाहिजे. दुसरा कॅमेरा छोटा होता, सगळ्यांत स्वस्तही, पण त्यात डोळा लावून बघावं लागायचं. अक्कांनी तो डोळ्याला लावला आणि मला विचारलं, "माझं तोंड दिसतं?"

"अर्धंच."

"मग पोरांना माझं बोलणंही अर्धंच दिसेल." तोही बाजूला.

तिसरा अगदी नवा, तळहाताएवढा. दुकानदारानं तो मखमलीच्या पिशवीतून काढला होता. अक्कांनी त्याची किंमत ऐकली, बटणं बघितली, बारीक, नखानं दाबावी लागतील अशी. "हा मी पोरांच्या हातात देईन का? नाही देणार, भीती वाटेल. मग कुलपात जाईल. कुलपात ठेवावी लागते ती वस्तू महाग. रोज हातात घ्यायला भीती वाटत नाही, ती आपल्याला परवडते." मी पुढे आयुष्यात फ्रिज, स्कूटर, सोनं, पुष्कळ काही घेतलं, पण खरेदीचं याहून चांगलं माप मला मिळालेलं नाही.

चौथा कॅमेरा काचेच्या कपाटात दाखवायला ठेवलेला होता, आदल्या वर्षीचा. अंगावर एक चरा. त्याच्या कुशीला खिडकीच्या झडपेसारखा उघडणारा छोटा पडदा होता. चित्र तिथे दिसायचं, डोळा लावायची गरज नाही. उजवा पंजा आत सरकवायला पट्टा होता. अक्कांनी हात सरकवला आणि पहिल्यांदा हसल्या. त्या डावखुऱ्या होत्या. कात्र्या, शिवणयंत्रं, जगातलं सगळं उजव्या हाताच्या लोकांसाठी केलेलं. या पट्ट्यामुळे उजवा हात अडकायचा आणि नेमका त्यांचा बोलका डावा हात मोकळा राहायचा.

"बॅटरी किती वेळ चालते?" त्यांनी विचारलं.

"तासभर, ताई."

"बघू." आणि अक्का स्टुलावर बसल्या. कॅमेरा चालू केला, घड्याळात पाहिलं आणि बॅटरी संपेपर्यंत बसायचं ठरवलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. गिऱ्हाइकं येत होती, पंखे बघत होती, मिक्सर घेऊन जात होती आणि अक्का एका हातानं सगळ्यांचं चित्र घेत होत्या. मध्येच त्यांनी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्याकडे कॅमेरा वळवला आणि डाव्या हातानं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. दारातल्या चहावाल्याला मात्र कळलं. त्यानं पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे धरला. बहिऱ्यांच्या शाळेतली शिकलेली बाई मी, आणि अक्कांचं बोलणं चहावाल्याला समजलं.

पाऊण तासावर बॅटरी मान टाकायला लागली. "तासभर नाही," अक्कांनी सांगितलं. दुकानदारानं कबूल केलं आणि आपण होऊन दुसरी बॅटरी सोबत द्यायचं ठरवलं. मग त्यानं तीन रंगांची वायर जोडून घेतलेलं सगळं टीव्हीवर दाखवलं. अक्कांनी आवाज पूर्ण बंद करायला लावला. पडद्यावर दुकानदार एका गिऱ्हाइकाला भाव सांगत होता आणि भाव सांगताना दरवेळी कानाची पाळी चोळत होता.

"मी असं करतो?" तो बघतच राहिला.

"भाव वाढवून सांगता तेव्हा करता," अक्का म्हणाल्या. "खरा सांगितलात तेव्हा हात टेबलावर होता."

दुकानदार मोठ्यानं हसला. चौथ्या कॅमेऱ्याचा भाव त्यानं हात टेबलावर ठेवून सांगितला.

आता भाऊंना पटवायचं राहिलं होतं. विश्वस्तांच्या बैठकीत लग्नवाला फोटोग्राफर आपला मोठा कॅमेरा घेऊन आला होता. दुकानदारानं अक्कांच्या भरवशावर छोटा कॅमेरा आमच्यासोबत पाठवलेला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा आमचा खरंच खेळण्यासारखा दिसला.

"अक्का, एवढ्याशा डबीत काय मावणार?" भाऊ म्हणाले.

"भाऊ, जरा तो मोठा खांद्यावर घ्या."

भाऊ उठले, हौसेनं कॅमेरा घेतला. फोटोग्राफरनं दोन्ही हात कसे धरायचे ते दाखवलं.

"आता आवाज न करता मला सांगा, की पाणी आणा."

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. एक हात सोडला तर कॅमेरा कलंडला, फोटोग्राफर धावला. त्यांनी डोळे मोठे केले, मान हलवली, पण चेहरा कॅमेऱ्याआड होता. शेवटी ते हसून म्हणाले, "नाही जमत बुवा."

अक्कांनी छोटा कॅमेरा उजव्या हातात घेतला आणि डाव्या हातानं शिपायाला सांगितलं. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आला.

सरांची हरकत वेगळी होती. ते हळूच म्हणाले, "अक्का, मुलांच्या हातांचीच चित्रं काढली तर बघणाऱ्याला वाटेल, शाळा बोलायला शिकवतच नाही."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण अक्कांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, पोरांना तुम्ही ओठ हलवायला शिकवता. त्यांनी स्वतःचे ओठ हलताना कधी नीट पाहिलेत? यात दिसतील. पहिले दोन तास कॅमेरा तुमचा. उरलेला दिवस माझा." सर विचारात पडले. त्यांना हे कधी सुचलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि भाऊंनी लग्नवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

कॅमेरा हाती आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अक्कांनी त्या मुलीला खिडकीपाशी उभं केलं. मुलीनं मनगटावर हात मारला, तळहात उताणा केला. अक्कांनी ते तीनदा घेतलं, शेवटी फक्त चेहरा. मग मला म्हणाल्या, "रविवारी यावलला जायचं."

"आपण जाऊन नुसती खूण करून दाखवली तरी चाललं असतं की. कॅमेऱ्यासाठी एवढे दिवस कशाला थांबलो?"

"मी केली की ती माझी खूण होते. तू केलीस तर मलम लावल्यासारखी होते." त्या हसल्या नाहीत. "आणि उत्तर आणायचं कशात? त्यांनी सांगायचं, मी येऊन करून दाखवायचं, तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा?"

धुळ्याहून जळगाव, तिथून यावल, मग पुढे केळीची पानं भरलेला एक ट्रॅक्टर. एसटीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या, कॅमेरा पदराखाली. यावलच्या गाडीत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

"माझ्या मामेबहिणीकडे तिच्या आईच्या आवाजाची कॅसेट आहे. ओव्या म्हटलेल्या आहेत. वर्षातून एकदा लावते, ऐकते, रडते. माझ्या आईचा आवाज कशातच नाही." त्यांनी डावा हात वर केला आणि बोटं हनुवटीखालून फिरवून पुढे आणली. "ती मला अशी हाक मारायची. हे मी करते, पण हा हात माझा आहे. तिचा कसा वळायचा ते आता मलासुद्धा नीट आठवत नाही."

अक्कांनी हात पुन्हा पदराखालच्या कॅमेऱ्यावर ठेवला.

मुलीचं घर बागेच्या कडेला, मजुरांच्या चार-पाच घरांतलं एक. आई दारात होती. शाळेतून आलो म्हटल्यावर तिच्या चेहऱ्याचा रंगच गेला. मुलगी ठीक आहे, हे अक्कांनी आधी सांगितलं, मग कॅमेऱ्याची झडप उघडून तिच्यापुढे धरली. त्या आगपेटीएवढ्या पडद्यावर तिची मुलगी हलायला लागली. मनगटावर दोनदा हात. तळहात उताणा. मग नुसता चेहरा.

आईनं कॅमेरा स्वतःकडे ओढून घेतला.

"बापाचं इचारू रायली ती," आई म्हणाली.

मनगटावर हात मारणं म्हणजे केळीचा घड कापणं. घड कापतो तो बाप. त्या घरात बापाची खूण तीच होती. आणि उताणा हात म्हणजे उताणा पडलेला माणूस. जूनच्या सुरुवातीला ट्रकमध्ये घड भरताना तो वरून पडला. कंबर धरली, शुद्ध गेली. खाटेवर घालून त्याला जळगावच्या दवाखान्यात नेला. मुलीनं ती खाट जाताना पाहिली. दुसऱ्याच दिवशी शाळेत घालायची तारीख होती, म्हणून काका तिला घेऊन धुळ्याला आला. बाप वाचला, घरी आला, चालायला लागला. ते मुलीला कुणी सांगितलं नाही. सांगता येणारं कुणी शाळेत नव्हतं.

सव्वातीन महिने ती पोरगी मला विचारत होती, माझा बाप मेला का. आणि मी तिच्या मनगटाला मलम लावत होते.

बाप बागेतून काठी टेकत आला. अक्कांनी त्याला खाटेवर पडायला सांगितलं. तो लाजला. मग पडला. अक्का उजव्या हातानं चित्र घेत होत्या आणि डाव्या हातानं त्याला उठायची खूण करत होत्या. तो उठला, काठी बाजूला ठेवून चार पावलं चालला, कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला आणि गोंधळून म्हणाला, "तिले काय सांगू?"

"तिच्या बोलीत सांगा," अक्का म्हणाल्या.

'बरा झालो' ही खूण त्यांच्या घरात नव्हती. कधी गरज पडली नव्हती. आईनं क्षणभर विचार केला. तिनं आपला तळहात उताणा धरला आणि तो हळूहळू उभा केला, बोटं आभाळाकडे. बापानं ते पाहिलं, आपल्या मनगटावर दोनदा हात मारला आणि तसंच केलं.

परतीच्या गाडीत मी रडले. अक्कांनी पोलक्याच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तो कॅमेरा पुढे शाळेत कितीतरी वर्षं चालला. पट्टा तीनदा फाटला, अक्कांनी तीनदा शिवला. मुलांनी तो पाडला, त्यावर डाळ सांडली, एकदा तो पाण्याच्या टाकीच्या काठावरून मिळाला. सकाळी सरांच्या वर्गात मुलं आरशात बघावं तशी आपले ओठ बघायची, दुपारनंतर घरी पाठवायची पत्रं व्हायची, हातांची. महिन्यातून एक रविवार अक्का आणि मी कुठल्यातरी गावाला जायचो, कधी शिरपूरकडे, कधी साक्रीकडे, कुणाच्या तरी टीव्हीला वायर जोडायचो आणि घरात गर्दी व्हायची. संमेलनाचं चित्रण मात्र दरवर्षी हलकंच यायचं. अक्कांना त्याचं दुःख नव्हतं.

पण मला आठवतो तो यावलहून आल्यानंतरचा सोमवार. हॉलमधला टीव्ही शिवणाच्या खोलीत आणून ठेवला होता. मुलगी पुढे चटईवर बसलेली, मी तिच्या शेजारी. सर दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. अक्कांनी वायर जोडली.

बाप खाटेवर उताणा. मुलगी ताठ झाली. बाप उठला, चालला, मोठा होत होत पडदाभर झाला. त्यानं मनगटावर हात मारला, तळहात उताणा धरला आणि उभा केला. मुलगी हसली नाही. ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि त्याच्या पायावर बोट ठेवलं. चित्र संपलं. तिनं अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पुन्हा लावलं. असं पाच-सहा वेळा झालं.

मग ती माझ्याकडे वळली. अक्कांकडे नाही, माझ्याकडे. इतके दिवस जिला विचारत होती, तिच्याकडे. तिनं मनगटावर दोनदा मारलं, तळहात उताणा धरला, हळूच उभा केला आणि भुवया वर केल्या. प्रश्न होता. मी तो पहिल्यांदाच वाचला.

माझे हात मांडीवर होते, घडी घातलेले. सर दारात उभे होते. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, मुलीकडे बघत होते. मी हात सोडवला, मनगटावर मारला, तळहात उताणा केला आणि उभा केला.

मुलीनं माझा हात निरखून पाहिला. मग चेहरा पाहिला. एक मोठा श्वास सोडला आणि माझ्या मांडीला टेकून बसली, सगळा भार टाकून.

अक्का मागून कॅमेऱ्यात हे घेत होत्या. त्यांचा डावा हात माझ्या नजरेसमोर आला. माझा अंगठा धरून त्यांनी तो तळव्याला लावला.

"अंगठा आत," त्या म्हणाल्या. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं.